सुरक्षा कोणाची आणि कोणापासून?

(चेन्नई येथे पक्षसभासदांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

१ मार्च १९५० ह्या दिवशी भारताचे संविधान अमलात येऊन पाच आठवडेदेखील झाले नव्हते. त्या दिवशी ह्याच शहरातून, त्या वेळच्या मद्रासमधून, राज्य सरकारचे दोन हुकूम निघाले. पहिला हुकूम कॉ. ए. के. गोपालन यांना तुरुंगातच बजावण्यात आला. डिसेंबर १९४७ पासून ते बंदिवान होते. जुन्या कायद्याखालील स्थानबद्धता न्यायालयात टिकणे कठीण दिसू लागताच, संसदेने नुकत्याच केलेल्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली त्यांना नव्याने स्थानबद्ध करण्यात आले. दुसऱ्या हुकुमाने मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या रोमेश थापर यांच्या 'क्रॉसरोड्स' ह्या साप्ताहिकाला मद्रास राज्यात येण्यास, विकण्यास आणि वाटण्यास बंदी घातली. आणखी नऊ दिवसांनी, १० मार्चला, 'पीपल्स एज्युकेशन सोसायटी' ही संस्था बेकायदेशीर ठरविण्यात आली. बॅ. व्ही. जी. राव हे तिचे सरचिटणीस होते.

ह्या सर्वांच्या थोडे आधी, ११ फेब्रुवारी १९५० रोजी, सेलमच्या तुरुंगात गोळीबार होऊन २२ कम्युनिस्ट कैदी ठार झाले होते. तुरुंगात माणसे मरत होती, आणि बाहेर एक माणूस, एक वृत्तपत्र व एक संघटना यांच्यावर सुव्यवस्थेच्या व सुरक्षिततेच्या नावाने हुकूम बजावले जात होते.

ह्या तिन्ही हुकुमांना न्यायालयात आव्हान देण्यात आले. सुरक्षा कायदे, सायबर सुरक्षा आणि तंत्रज्ञान-धोरण यांबद्दल आज देशात जो वाद चालू आहे, त्याचे मूळ प्रश्न ह्या तीन मद्रासी खटल्यांत आधीच विचारले गेलेले आहेत. राष्ट्राला सुरक्षा हवी की नको, हा वादाचा विषयच नव्हे. सुरक्षेचे नाव घेणाऱ्या सत्तेने आपल्या कृतीचे कारण सांगावयाचे की नाही, आणि ते कारण तपासणारा तिच्याबाहेरचा कोणी असावयाचा की नाही, हा खरा वाद आहे.

तीन खटले, तीन तत्त्वे

गोपालन खटल्याचा निकाल १९ मे १९५० रोजी लागला. एम. के. नंबियार यांनी बाजू मांडली, व्ही. जी. राव त्यांच्यासोबत होते. बहुमताने कायदा उचलून धरला आणि कॉ. गोपालन यांची सुटका झाली नाही. न्या. फझल अली यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. व्यक्तिस्वातंत्र्याचे निरनिराळे हक्क एकमेकांपासून तोडून वाचता येत नाहीत, असा त्यांच्या मताचा आशय होता. पुढे १९७० सालच्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात व १९७८ सालच्या मनेका गांधी खटल्यात न्यायालय ह्याच दिशेने वळले. तुरुंगातून मांडलेली बाजू हरल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी जिंकली, असे म्हणणे चूक होणार नाही.

परंतु ह्या पराभवातही एक गोष्ट त्याच दिवशी जिंकली गेली. कायद्याचे कलम १४ सर्व न्यायमूर्तींनी रद्द ठरविले. स्थानबद्धतेची जी कारणे सरकारने कैद्याला कळविली असतील, ती न्यायालयासमोर उघड करण्यासही ह्या कलमाने मनाई केली होती. म्हणजे न्यायालयाचे दार उघडे ठेवावयाचे, पण आत येणाऱ्याच्या तोंडाला कुलूप घालावयाचे! पहिले तत्त्व येथे प्रस्थापित झाले: कारण न्यायालयापासून लपविता येणार नाही.

आठवड्याभराने, २६ मे १९५० रोजी, 'क्रॉसरोड्स'वरील बंदी उठली. 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा शब्द इतका व्यापक आहे की त्याच्या आधारे विचारस्वातंत्र्य आवळता येणार नाही. राज्याचा पायाच उखडला जाण्याचा धोका असेल तरच तसे करता येईल, असे बहुमताच्या वतीने न्या. पतंजली शास्त्री यांनी लिहिले. सत्ताधारी वर्गाला हे पचले नाही. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि निर्बंधांच्या यादीत 'सार्वजनिक सुव्यवस्था' व 'परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध' हे शब्द घुसविण्यात आले. निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत, ही अट त्याच वेळी आली हेही खरे. ह्यांपैकी 'मैत्रीचे संबंध' हे शब्द ध्यानात ठेवावे लागतील. पाऊणशे वर्षांनी ते ह्याच शहरातील एका प्रकाशनाविरुद्ध वापरले गेले.

तिसरा निकाल ३१ मार्च १९५२ चा. मद्रास उच्च न्यायालयाने १९५० मध्येच व्ही. जी. राव यांच्या बाजूने निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. संघटना धोकादायक आहे अशी सरकारची स्वतःची खात्री झाली आणि तिच्यावर सल्लागार मंडळाने एकतर्फी शिक्का मारला, म्हणजे संघटना-स्वातंत्र्यावरील निर्बंध वाजवी ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मंडळाचे मत सरकारवर बंधनकारक असले तरी ते न्यायालयीन चौकशीची जागा घेऊ शकत नाही. निर्बंध किती, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या पद्धतीने लादला, हेही तपासावे लागते.

एका वृत्तपत्राचे पान

आता १९५० मधून २०२५ मध्ये येऊ. 'आनंद विकटन' हे १९२६ पासून चेन्नईहून निघणारे तामिळ नियतकालिक. त्याच्या संपादकाला १९८७ साली एका व्यंगचित्रासाठी तामिळनाडू विधानसभेने तुरुंगात पाठविले होते आणि जनक्षोभामुळे दोनच दिवसांत सोडावे लागले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ह्याच संस्थेच्या 'विकटन प्लस' ह्या डिजिटल अंकात एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. अमेरिकेने भारतीय स्थलांतरितांना बेड्या घालून परत पाठविले होते. त्या प्रसंगावरील ह्या चित्रात अमेरिकेच्या अध्यक्षांशेजारी भारताचे पंतप्रधान बेड्यांत दाखविले होते. १५ फेब्रुवारीला विकटनचे संपूर्ण संकेतस्थळ बंद पडले. आक्षेप एका चित्रावर होता, पण कुलूप सगळ्या घराला लागले. समर्थनासाठी पुढे करण्यात आलेल्या कारणांत परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध हेही होते.

६ मार्च २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने संकेतस्थळ खुले करण्याचा अंतरिम आदेश दिला. मात्र ते चित्र असलेले पान तूर्त काढून ठेवावे, ही अट घातली. 'क्रॉसरोड्स'ला १९५० साली अशी कोणतीही अट न घालता न्याय मिळाला होता. पंचाहत्तर वर्षांत स्वातंत्र्य पुढे गेले की मागे आले, हे वाचकांनी स्वतःच ठरवावे.

विकटनवरील कारवाई माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली झाली. ह्या कलमाखालील २००९ च्या नियमांतील सोळावा नियम सांगतो की, बंदीसाठी आलेल्या विनंत्या, तक्रारी आणि त्यांवरील कारवाई काटेकोरपणे गुप्त ठेवली जाईल. १९५० साली सहा न्यायमूर्तींनी एकमताने फेकून दिलेले कलम १४ येथे मागील दाराने नियमावलीत परत आले आहे. विकटन मोठी संस्था आहे. तिच्याजवळ वकील आहेत, वाचक आहेत, इतिहास आहे. एखाद्या तालुक्यातील कार्यकर्त्याचे पान असे बंद झाले तर ते कोणाच्या हुकुमाने व कशासाठी, हेही त्याला कळत नाही.

न्यायालयांतील सीलबंद लिफाफा हे ह्याच रोगाचे दुसरे लक्षण होय. मल्याळी वृत्तवाहिनी 'मीडिया वन'ला सुरक्षाविषयक मंजुरी नाकारली गेली. त्याची कारणे उच्च न्यायालयाला बंद लिफाफ्यात दाखविण्यात आली आणि वाहिनीला मात्र अखेरपर्यंत सांगण्यात आली नाहीत. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून उभा करता येत नाही, हे न्यायालयाने त्या निकालात बजावले. लढले तर मिळते, असा त्याचा अर्थ. पण लढण्यासाठी आपल्याविरुद्ध काही घडले आहे, एवढे तरी माहीत असावे लागते.

महाराष्ट्रातील पुनरावृत्ती

व्ही. जी. राव खटल्याची आठवण महाराष्ट्रातील सभासदांना विशेष उपयोगी पडणारी आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. विधानसभेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकमेव आमदार कॉ. विनोद निकोले यांनी त्याला विरोध केला. संघटना बेकायदेशीर ठरविण्याचा अधिकार ह्या विधेयकाने सरकारच्या हाती दिला आणि त्यावरील तपासणी सल्लागार मंडळाकडे सोपविली. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे हेसुद्धा त्याच्या व्याख्येत 'बेकायदेशीर कृत्य' ठरते. ही व्याख्या शब्दशः लावली तर मिठाचा सत्याग्रहदेखील त्यातून सुटत नाही. उद्देशात 'कडव्या डाव्या' संघटनांचा उल्लेख आहे. पण कडवे कोण, हे सरकारनेच ठरवावयाचे असेल तर आदिवासींच्या जमिनीसाठी निघालेला मोर्चा आणि शस्त्रधारी टोळी यांमधील सीमारेषा गृहखात्याच्या टेबलावर आखली जाईल.

तामिळनाडूतही चित्र वेगळे नाही. बेकायदा दारू विकणारे, गुंड इत्यादींना विनाखटला वर्षभरापर्यंत डांबण्यासाठी केलेल्या राज्याच्या १९८२ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती करून 'सायबर कायद्याचा भंग करणारे' ह्यांचाही समावेश करण्यात आला. संगणकावरील गुन्हा सिद्ध करण्यासाठी कुशल तपास लागतो. त्या तपासाची क्षमता वाढविण्याऐवजी तपासाची गरजच उरू नये, अशी ही सोय आहे. प्रतिबंधक स्थानबद्धता आणि नवे तंत्रज्ञान यांचा विवाह असा लागला.

न दिसणारा तुरुंग

कॉम्रेड्स, १९५० आणि आजचा काळ यांतील मूलभूत फरक येथे लक्षात घेतला पाहिजे. कॉ. गोपालन यांना आपण तुरुंगात आहोत हे ठाऊक होते. भिंत दिसत होती, म्हणून भिंतीविरुद्ध अर्ज करता आला. ज्याचा फोन दुसराच कोणी वाचतो आहे, त्याला भिंत दिसत नाही. जे कळतच नाही त्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची? पाळतीच्या कायद्याचे खरे मर्म ह्या गुप्ततेतच आहे.

ब्रिटिशांच्या १८८५ च्या तार कायद्यात दळणवळण अडवून ऐकण्यासाठी 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' यांपैकी एका परिस्थितीची अट होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये, संगणकातील माहितीसंबंधी, ही अट ठेवलेलीच नाही. कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढे कारण पुरते. परकीय साम्राज्याला जे बंधन पाळावे लागत होते, ते स्वतंत्र देशाच्या कायद्यात गळून पडले. २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने ह्या कलमाखाली दहा यंत्रणांना अधिकार दिले. हुकूम देणारा गृहसचिव आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश किंवा संसद-सदस्य ह्या वर्तुळात कोठेच नाही. केंद्र सरकार दरमहा ७,५०० ते ९,००० दूरध्वनी ऐकण्याचे हुकूम काढते, असे २०१३ साली माहिती अधिकारात बाहेर आले होते. प्रत्येक प्रकरणाला एखाद्या अधिकाऱ्याची किती मिनिटे मिळत असतील, ह्याचा हिशेब कोणालाही करता येईल.

ह्या पार्श्वभूमीवर मद्रास उच्च न्यायालयाचा २ जुलै २०२५ चा निकाल महत्त्वाचा ठरतो. एका लाचलुचपत प्रकरणात २०११ साली केंद्रीय गृहखात्याने एका उद्योगचालकाचा फोन ऐकण्याचा हुकूम दिला होता, न्या. आनंद वेंकटेश यांनी तो रद्द केला. सामान्य गुन्ह्याचा माग काढणे म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे, आणि ऐकलेली माहिती नियमाप्रमाणे पुनर्विलोकन समितीपुढे ठेवलेलीच नव्हती, ही त्याची कारणे. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच सुमारास भ्रष्टाचाराच्या एका खटल्यात उलट दिशेचे मत दिले. ह्या खटल्यातील अर्जदार कामगार नव्हता, हे खरे. परंतु भांडवलदाराच्या बाबतीत जो नियम मोडला जातो, तो कामगार पुढाऱ्याच्या बाबतीत पाळला जाईल, अशी आशा कोणी करू नये. हक्काचे रक्षण माणूस पाहून करावयाचे नसते.

जेथे हुकूमसुद्धा काढावा लागत नाही अशी पाळतही आता उपलब्ध आहे. इस्रायली कंपनीने सरकारांनाच विकलेल्या 'पेगासस'चे प्रकरण जुलै २०२१ मध्ये उजेडात आले. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी तज्ज्ञ समिती नेमली. समितीने तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली. ती पेगाससच होती असे सिद्ध झाले नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य दिले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये विरोधी पक्षांच्या अनेक नेत्यांना आपल्या फोनवर राज्यपुरस्कृत हल्ल्याचा इशारा मिळाला, त्यांत कॉ. सीताराम येचुरीही होते.

भीमा कोरेगाव प्रकरणाने तर आणखी पुढची पायरी दाखविली. 'आर्सेनल' ह्या अमेरिकन तपास-संस्थेने २०२१ पासून दिलेल्या अहवालांनुसार, आरोपींच्या संगणकांत बाहेरून शिरून कागदपत्रे पेरण्यात आली होती. डिसेंबर २०२२ मधील अहवाल फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाविषयी होता. तिरुचिरापल्ली जिल्ह्यात जन्मलेला, झारखंडच्या आदिवासींत आयुष्य घालविलेला हा वृद्ध ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत बंदिवासातच मरण पावला. अहवाल आला तेव्हा तो वाचावयास ते उरले नव्हते. पुराव्याची कसोटी न्यायालयात लागावी. पण यूएपीएखाली खटला वर्षानुवर्षे उभाच राहत नसेल तर स्थानबद्धता आणि खटला यांत फरक काय उरला?

खरी असुरक्षितता

नागरिकांचे खासगी जीवन उघडे पाडण्यात इतकी दक्ष असलेली ही सत्ता देशाच्या खऱ्या सायबर सुरक्षेबाबत काय करते? ह्याच राज्यातील कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यातील संगणकात घातक प्रणाली शिरल्याची बातमी ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. केंद्राने आधी इन्कार केला. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, अणुवीज महामंडळाने ते मान्य केले. सप्टेंबरच्या सुरुवातीसच ते कळलेले होते. अणुभट्टीच्या नियंत्रणव्यवस्थेपर्यंत धोका पोहोचला नाही, असे महामंडळाने सांगितले. परंतु किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना हे सारे वृत्तपत्रांतून समजावे, ही कोणती सुरक्षा? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संगणक खंडणीखोरांनी बंद पाडले आणि कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या.

अशा प्रसंगांतून शिकावयाचे तर चुका उघड व्हाव्या लागतात. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२३ मध्ये सायबर संकटांना तोंड देणारी केंद्रीय यंत्रणाच माहिती अधिकारातून वगळण्यात आली. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ ने केंद्राला आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून सूट देण्याची मुभा दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच बसविण्याचा आदेश निघाला. देशभर ओरड होताच काही दिवसांत, ३ डिसेंबरला, तो मागे घ्यावा लागला. जनमताचा दाब परिणामकारक ठरतो, एवढा दिलासा त्यातून मिळाला.

ही पाळत सर्वांत आधी आणि सर्वांत जड पडते ती श्रमिकांवर. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा कळविणारी घड्याळे बांधली. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी छायाचित्रासह ॲपवर घेणे सक्तीचे झाले. जाळे मिळाले नाही की दिवसाची मजुरी धोक्यात. रस्ता झाडणाऱ्या बाईची प्रत्येक पावले मोजली जातात, आणि तिच्या पगाराचा कंत्राटदार मात्र कोणत्याही नकाशावर दिसत नाही!

स्वतःच्या घराकडे पाहताना

ह्या प्रश्नावर डाव्या चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळात डाव्या आघाडीचे सरकार असताना कोझिकोडच्या दोन तरुण पक्षकार्यकर्त्यांवर पोलिसांनी यूएपीए लावला. त्याच वर्षी संसदेत ह्या कायद्याच्या दुरुस्तीला पक्षाने विरोध केला होता. त्यांपैकी एकाला खालच्या न्यायालयाने दिलेला जामीन कायम करताना आणि दुसऱ्याला जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाचा २८ ऑक्टोबर २०२१ हा दिवस उजाडला. नोव्हेंबर २०२० मध्ये केरळ पोलीस कायद्यात कलम ११८-अ घालणारा अध्यादेश निघाला. श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली रद्द झालेल्या कलमांचीच त्याला छाया होती. पक्षाच्या आतून आणि बाहेरून टीका होताच दोन दिवसांत सरकारने अंमलबजावणी थांबविली व तो मागे घेतला. चूक दुरुस्त झाली हे योग्यच झाले. पण ती झालीच कशी, हा प्रश्न सोडून देता येत नाही. राज्ययंत्रणा हाती आली की तिचे जुने हत्यारही हाती येते, आणि हत्याराला धरणाऱ्याचा वर्ग ओळखता येत नाही. ज्या कायद्याने कॉ. गोपालन यांना डांबले तसा कायदा चांगल्या हातांत निरुपद्रवी होईल, हा भ्रम होय.

पुढील कार्य

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. संदेश अडविण्याचा व वाचण्याचा हुकूम न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीनेच निघावा. तपास संपल्यावर ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला ते कळवावे. संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश कारणांसह प्रसिद्ध व्हावेत आणि गुप्ततेचा सोळावा नियम रद्द व्हावा. गुप्तचर यंत्रणा संसदीय समितीला जबाबदार असाव्यात. यूएपीए, जनसुरक्षा आणि विनाखटला स्थानबद्धतेचे कायदे रद्द व्हावेत. कामगारांच्या शरीरावर बांधलेली पाळतीची साधने कामगार संघटनेच्या संमतीवाचून वापरता येऊ नयेत. आणि अणुकेंद्रे, रुग्णालये, बँका यांवरील हल्ल्यांची माहिती ठराविक मुदतीत जनतेपुढे ठेवण्याचे बंधन असावे.

ह्या मागण्या वकिलांच्या दालनात राहून पुऱ्या होणार नाहीत. कारखान्याच्या दारावर, पाड्यावर आणि वसतिगृहात हा विषय सोप्या भाषेत पोहोचला पाहिजे. फोनमधील ॲप, हजेरीचे यंत्र आणि बंद पडलेले पान ही तंत्रज्ञांची कोडी नसून हक्काचे प्रश्न आहेत, हे प्रत्येक शाखेने समजावून सांगितले पाहिजे.

१९५० साली मुंबईच्या एका साप्ताहिकासाठी मद्रासच्या हुकुमाशी झुंज झाली आणि तिचा लाभ साऱ्या देशातील वृत्तपत्रांना मिळाला. तुरुंगातील एका मल्याळी पुढाऱ्याच्या अर्जाने न्यायालयापुढील प्रत्येक कैद्याचे तोंड मोकळे केले. त्यांनी हे केले तेव्हा त्यांचे साथी सेलमच्या तुरुंगात नुकतेच धारातीर्थी पडले होते, आणि विजयाची खात्री तर मुळीच नव्हती. सत्तेने कारण सांगितले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पंचाहत्तर वर्षांनंतर जनतेच्या चळवळीला तोच आग्रह पुन्हा, अधिक संघटित रीतीने, धरावयाचा आहे.